मोशीच्या डोहात समुद्राचा बोया

समुद्र मी आयुष्यात तीनदा पाहिला आहे. दोनदा शाळेच्या सहलीबरोबर आणि एकदा कामासाठी. असे असूनही, कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी समुद्र कोणी कोठपर्यंत वापरावा हे दाखवणाऱ्या नऊ वस्तू भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तयार झाल्या आणि त्यांची आकडेमोड मी केली. ‘नोकरीतले काहीतरी लिहा’ असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा चौतीस वर्षांतून हेच सात-आठ महिने आधी आठवले. त्या काळात माझे एक गणित चुकले होते आणि ते मोशीच्या एका बाईंनी, शेळीचा दाखला देऊन, दुरुस्त केले.

प्रथम बोया म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. जाड पत्र्याचे, आतून पोकळ आणि हवाबंद असे एक मोठे पिंप; त्याच्या वर लोखंडी पट्ट्यांचा छोटा मनोरा आणि खाली तोल सांभाळणारे वजन. हे पिंप पाण्यावर उभे तरंगते. त्याच्या तळातून साखळी निघते आणि समुद्राच्या बुडाशी ठेवलेल्या एका जड ठोकळ्याला जाऊन मिळते. समुद्राला बांध घालता येत नाही की तारेचे कुंपण करता येत नाही. पण वापरणारे मात्र अनेक. मालाच्या बार्जना खोल पाणी हवे, उतारूंच्या लाँचला जवळचा रस्ता हवा, आणि कोळ्यांची काही जाळी तर शेतातल्या पिकासारखी एका जागी रोवलेली असतात. या सर्वांनी एकमेकांच्या अंगावर जाऊ नये म्हणून बोयांच्या दोन रांगा मांडतात. रांगांच्या आत बार्ज आणि बाहेर जाळी, असा तो सरळ हिशेब.

मी त्यापूर्वी चाकणच्या बाजूला तीन वर्षे शाळामास्तर होतो. भूगोल शिकवत असे. साठ-बासष्टनंतर आमच्या माळरानांवर कारखाने उभे राहू लागले, तेव्हा नकाशे काढणाऱ्या हाताला यंत्रांची चित्रेही काढता येतील, अशा हिशेबाने मी भोसरीला ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. शाळा सुटली, पण ‘मास्तर’ हे नाव आणि खिशातला खडू सुटला नाही. कारखान्याचे मालक दामूअण्णा हे साखर कारखान्यांच्या टाक्या बनवण्यात तरबेज होते. मुख्य वेल्डर सोपान गायकवाड. त्याने जोडलेल्या पत्र्यातून पाणी तर सोडाच, वाफही बाहेर येत नसे. बोलणे मात्र सतत बाहेर येई.

तेथे माझे पहिले मोठे काम म्हणजे शेडमधल्या पिवळ्या रेघा. त्याआधी वेल्डिंगवाले, गॅसने पत्रा कापणारे, सायकली लावणारे आणि चहा पिणारे यांची जागेवरून रोज भांडणे होत. मी संपूर्ण शेडचा नकाशा काढला आणि दोन इंच रुंदीच्या पिवळ्या रेघा मारून प्रत्येकाची हद्द ठरवून दिली. भांडणे थांबली. एकच अडचण राहिली होती. दामूअण्णांनी धंदा सुरू करताना घेतलेली पहिली, लोखंड तासायची शेपिंग मशीन बंद पडून पाच वर्षे वाटेत उभी होती आणि ती हलवायला ते तयार नव्हते.

“मास्तर, वाट तिला चुकवून जाऊ दे. ती वाटेच्या आधी आलीय.”

पण माझी रेघ सरळ होती. मी ती मशीनच्या ओतीव बैठकीवरून तशीच पुढे नेली. बैठकीवर दोन इंचांचा पिवळा पट्टा कायमचा उमटला. सोपान त्या बैठकीवर बसून जेवत असे आणि मी हटकले की म्हणे, “मास्तर, मी रेघेच्या अलीकडं बी न्हाई आन् पलीकडं बी न्हाई. आता कुठला नियम लावता?”

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की रेघ मारली की भांडण मिटते यावर माझी पूर्ण श्रद्धा बसली होती. अशा मनःस्थितीत आमच्याकडे बोयांचे काम आले.

“टाकीच आहे,” दामूअण्णा म्हणाले. “आजवर पाणी आत राहील अशा केल्या. आता बाहेर राहील अशी करायची.”

बंदरखात्याने खाडीचा नकाशा पाठवला. त्यावर प्रत्येक बोयाची जागा, तेथली खोली आणि आसपासच्या जाळ्यांचे खुंट दाखवले होते. बोये, साखळ्या आणि ठोकळे, सर्व आम्हीच द्यायचे होते. म्हणून कोणत्या बोयाला किती साखळी लागेल याचा तक्ताही आमच्याकडूनच मागवला होता. मी पुस्तक उघडले. नियम स्पष्ट होता: साखळी भरतीच्या खोलीच्या तिप्पट असावी. साखळी आखूड पडली तर लाटेबरोबर बोया वर उचलला जातो आणि ठोकळ्याला ओढून नेतो. म्हणून ती सैल ठेवतात. मी नऊ वेळा तिनाने गुणले, सुवाच्य अक्षरांत तक्ता लिहिला आणि पाठवून दिला. पंधरा दिवसांत तो ‘मंजूर’ असा गोल शिक्का घेऊन परत आला. नऊही गुणाकार बरोबर होते. हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकतो.

काम अर्ध्यावर आले होते, तेव्हा एके दिवशी दुपारी फाटकावरून निरोप आला, की कोणी एक गृहस्थ ‘समुद्राचं सामान बनवणारे मास्तर’ विचारत आले आहेत. धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला लाल रुमाल आणि हातात वर्तमानपत्रात बांधलेले पुडके. एस.टी.ने घाट चढून नाशिक फाट्याला उतरले होते आणि तेथून विचारत विचारत चालत आले होते. त्यांनी नाव सांगितले, धर्मा तांडेल.

“समिंदरावर रेघ मारनारं तुमीच काय?”

“रेघ बंदरखात्याची आहे,” मी खुलासा केला. “आम्ही फक्त बोये करतो.”

“मंग बराबर जागी आलो. चवथ्या बोयाच्या बाजूला माजे चार खुंट हायेत. आज्यानं ठोकलं, बापानं बदली केलं, मी राखलंय. त्यांवर माजं जालं लागतं. सा होड्यांचं नाय, सा मानसांचं घर चालतं. आता बंदराचा सायेब बोलतो, बोयाच्या आत जालं गावलं तर कापून टाकू.”

मी त्यांना ड्रॉइंग ऑफिसात नेले आणि नकाशा पसरून दाखवला. चौथा बोया कोठे, त्यांचे खुंट कोठे, मध्ये अंतर किती. साठ फूट. त्यांच्या मापाने दहा वाव. “तुमचे खुंट रेघेच्या पूर्ण बाहेर आहेत. काळजीचे कारण नाही.”

ते नकाशाकडे पाहत राहिले आणि मग एक प्रश्न विचारला. तो मी तेव्हा नीट ऐकला असता, तर पुढचे सारे टळले असते.

“त्ये समदं खरं. पन हा ओहोटीला जातो कुटं?”

“कोण?”

“बोया.”

“तो जात नाही. त्याला साखळीने बांधलेले असते.”

“माजी होडी बी बांदलेली असते, मास्तर.”

वर्गातल्या मागच्या बाकावरून कोणी अवघड शंका काढली की चांगला शिक्षक जे करतो, तेच मी केले. शंका बाजूला ठेवून उदाहरण दिले. त्यांना शेडमध्ये नेऊन पिवळ्या रेघा दाखवल्या. सांगितले, की ही रेघ आठ वर्षे येथेच आहे, एक इंचही हललेली नाही, आणि सर्वांचे सुरळीत चालले आहे.

तांडेलांनी रेघेला पायाच्या अंगठ्याने शिवून पाहिले. “हिच्याखाली जमीन हाय,” ते म्हणाले.

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

जाताना त्यांनी ते पुडके माझ्या टेबलावर ठेवले. “घरचे बोंबील हायेत. सुकवलेले. आमच्या जाल्याचे.” आमच्या ऑफिसात मी आणि नकाशांच्या नकला काढणारा ट्रेसर, दोघेही शाकाहारी. पुडके बाहेर ठेवले तर मांजर येई. दामूअण्णांनी मार्ग काढला आणि ते नकाशांच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात ठेवून दिले. तेथे ते सहा दिवस राहिले. सोपानने ते शोधून काढले, दुपारच्या सुट्टीत गॅसच्या ज्योतीवर भाजले आणि कपाटाला दोष दिला. “राव, असला माल कागदांत कुजवत व्हता?” पुडके संपले, पण त्या कपाटातल्या प्रत्येक नकाशाला पुढे वर्षभर खाडीचा वास येत असे.

आता मोशीकडे वळतो. करारात एक अट होती, की निदान एक बोया ‘खुल्या पाण्यात’ साखळी-ठोकळ्यासह तरंगवून दाखवावा. समुद्र शंभर मैलांवर. खुले पाणी म्हणजे आमच्यापुरती इंद्रायणी. मोशीला नदीच्या वळणावर एक डोह आहे आणि दसऱ्यानंतर त्यात बारा फूट पाणी असे. आम्ही ट्रकमध्ये लालभडक बोया घालून डोहावर पोहोचलो, तेव्हा निम्मे गाव पाहायला आले.

डोह रिकामा नव्हता. काठावर धुण्याचे दगड होते आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दगडाच्या मालकीण हौसाबाई. वय साठीच्या पुढे, आवाज पलीकडच्या तीरापर्यंत. जवळच त्यांची शेळी बांधलेली असे. डोहाचे बाकीचे हक्कदारही त्यांनीच मला सांगितले. सकाळी नऊपर्यंत धुणे. मग ऊन चढले की म्हशी. तिसऱ्या प्रहरी मासे धरणाऱ्या भोयांची जाळी. कडेला एका शेतकऱ्याच्या इंजिनाचा नळ पाण्यात सोडलेला, तो चोवीस तास. कोठेही पाटी नाही, रेघ नाही, आणि भांडणही नाही.

“हे वेळापत्रक कोणी ठरवले?” मी विचारले.

“ठरवतंय कोन? म्हशीला ऊन लागलं की म्हस येती. तवर आमची धुनी व्हत्यात.”

हे मला फार ढिसाळ वाटले. मी चार बांबू रोवले, दोरी ताणली, लाल चिंध्या बांधल्या आणि ‘चाचणी क्षेत्र’ अशी पाटी लावली. दहा वाजता म्हशी आल्या. पहिलीने पहिल्या बांबूला अंग घासले, दुसरीने दुसऱ्याला. सव्वादहाला चाचणी क्षेत्र वाहून गेले. पाटी भोयांच्या जाळ्यात सापडली ती तिसऱ्या प्रहरी.

बोया मात्र छान तरंगत होता. बारा फूट खोली, नियमाप्रमाणे छत्तीस फूट साखळी, डोहाच्या मध्यभागी ठोकळा. पाहणीला बंदरखात्याचे इंजिनियर साहेब यायला दोन दिवस होते. मी वही घेऊन काठावर बसलो आणि दर अर्ध्या तासाला ‘बोया उभा’ अशी नोंद करू लागलो. तो उभा आहे का एवढेच मी पाहत होतो. कोठे उभा आहे, ते पाहायचे मला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेचा वारा सुटला. थोड्या वेळाने हौसाबाईंची हाक आली.

“आवं मास्तर, हे तुमचं पिंप तिसऱ्यांदा माज्या दगडावर आलंय. त्याला काय धुवायचंय का?”

बोया खरोखरच त्यांच्या दगडाला टेकून उभा होता आणि त्यांनी भिजत घातलेले लुगडे त्याच्या मनोऱ्यावर चढले होते.

“ते बांधलेले आहे, बाई. लांब जाणार नाही.”

“बांदलंय तर बांदलंय. दावं किती सोडलंय?”

“छत्तीस फूट.”

हौसाबाईंनी आपल्या शेळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “माजी शेळी छत्तीस फुटी दाव्यावर बांदली तर शेजाऱ्याचं निम्मं वावर खाऊन ईल. आन् वर मी म्हनायचं, बांदली व्हती.”

शेळी खुंटीभोवती फिरत होती. तिने चरलेल्या गवताचा एक स्वच्छ गोल तयार झाला होता. मी त्या गोलाकडे पाहिले आणि माझ्या हातातली वही आपोआप मिटली.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. मला मात्र सात महिने लागले. आम्ही टाक्या करणारी माणसे. आमच्या मनात बोया हा जमिनीत रोवलेल्या खांबासारखा होता, ठोकळ्याच्या बरोबर डोक्यावर सरळ उभा. साखळी तिप्पट सैल ठेवली म्हणजे तो त्या साखळीवर चहूकडे फिरणार, आणि भरतीला एका बाजूला तर ओहोटीला दुसऱ्या बाजूला जाणार, हे नऊ गुणाकार करताना एकदाही मनात आले नाही. मी सोपानला पाण्यात उतरवले आणि बोया ढकलत पूर्ण फेरा मारायला सांगितले.

“मास्तर, मी वेल्डर म्हणून लागलोय. म्हशी फिरवायला न्हाई.”

“तू फीर. मी मोजतो.”

चौतीस फुटांचा गोल निघाला. त्यात हौसाबाईंचा दगड होता, म्हशींची जागा होती, भोयांचे जाळे होते आणि इंजिनाचा नळही होता. डोहातल्या सर्व हक्कदारांना एका बोयाने एका फेऱ्यात गाठले. काठावर बसून मी खडूने पत्र्याच्या तुकड्यावर चौथ्या बोयाचे गणित मांडले. बाकी आठांच्या गोलात कोणाचे खुंट येत नव्हते. भरतीची खोली तीस फूट. साखळी नव्वद. गोलाची त्रिज्या सुमारे पंच्याऐंशी फूट, ओहोटीला त्याहून जास्त. आणि धर्मा तांडेलांचे खुंट साठ फुटांवर.

याचा अर्थ, रोज ओहोटीला बोया त्यांच्या जाळ्यांत पंचवीस फूट शिरणार होता. बंदरखात्याच्या हिशेबी बोया म्हणजेच रेघ. म्हणजे जाळी जागची न हलता रेघेच्या आत सापडणार आणि कापली जाणार. तीन पिढ्यांचे खुंट माझ्या तिनाने उखडले जाणार होते.

दामूअण्णांनी शांतपणे ऐकून घेतले. “मास्तर, तक्ता मंजूर आहे ना?”

“आहे. पण चूक आहे.”

“मंजूर आहे म्हटल्यावर ती आता त्यांची चूक. आपण तोंड उघडलं तर सगळे कागद परत जाणार, सहा महिने बोये अंगणात पडून राहणार आणि हे काम हातचं जाणार. चाळीस माणसं आहेत शेडमध्ये. उद्या साहेबांसमोर तुम्ही गप्प राहायचं. शब्द द्या.”

मी शब्द दिला. मी आपणहून सत्य सांगितले असे येथे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. पण आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर आणि यंत्रांच्या चित्रांवर ‘अचूक’ हा शब्द लिहिलेल्या माणसाला ते शोभणार नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर साहेब जीपमधून आले. मूळचे नागपूरकडचे, समुद्राशी ओळख माझ्याइतकीच पुस्तकी. त्यांनी नकाशा हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि समाधानाने मान हलवली. “कागद खाडीवर जाऊन आलेला दिसतो. हे बरे. बरेच कारखानदार प्रत्यक्ष जागा पाहतच नाहीत.”

दामूअण्णांनी मान लववून ही स्तुती स्वीकारली.

डोहात बोया अगदी निश्चल उभा होता. वारा सुटलेला, पाण्यावर लहरी, पण बोया ढळत नव्हता. साहेबांनी पाव तास पाहिले. “विलक्षण स्थिर आहे,” असे म्हणून त्यांनी शेरा लिहायला पेन काढले. मी शब्दाला जागून शेळीकडे पाहत उभा होतो.

“स्थिर कशाचं,” हौसाबाई लुगडे पिळत म्हणाल्या. “मागं सोपान धरून बसलाय. सकाळधरनं पान्यात हाय, बिचारा गारठला आसंल.”

बोयाच्या मागून एक शिंक ऐकू आली.

साहेबांनी पेन बंद केले आणि हाक मारली. सोपान बोयाला वळसा घालून पुढे आला. तेथे बारा फूट पाणी होते, त्यामुळे तो एका हाताने बोयाची कडी आणि दुसऱ्या हाताने पलीकडच्या काठाला बांधलेला दोर धरून, लोंबकळतच आला. “नमस्कार साहेब,” तो म्हणाला. “अण्णांनी सांगितलं, म्हणून.” त्याने कडी सोडली आणि तो पोहत काठाला लागला. बोया वाऱ्याबरोबर निघाला आणि सर्वांच्या देखत हौसाबाईंच्या दगडाला येऊन टेकला.

“मास्तर,” साहेब माझ्याकडे वळले, “हे काय आहे?”

आता गप्प बसण्यासारखे काही उरले नव्हते. मी खिशातला खडू काढला, हौसाबाईंच्या परवानगीने त्यांचा दगड पुसून घेतला आणि त्यावर ठोकळा, साखळी, गोल आणि चार खुंट काढून पूर्ण धडा दिला. साहेब उकिडवे बसून लक्षपूर्वक पाहत होते.

“हा तक्ता केला कोणी?”

“मी.”

“आणि मंजूर केला...” त्यांनी कागद उलटला, गोल शिक्क्याखालची सही पाहिली आणि वाक्य पुरे केले नाही. सही त्यांचीच होती.

त्यांनी कागद दुमडून खिशात घातला.

“साखळी कमी करता येणार नाही,” शेवटी साहेब म्हणाले. “लाट ठोकळा उचलेल.”

“बोया आत सरकवला तर बार्जना वाट उरत नाही,” मी म्हणालो.

“मंग दोन्ही अंगानं बांदा की,” हौसाबाई म्हणाल्या. “बैलाला नाल मारताना बांदत्यात तसं. एक दावं हिकडं, एक तिकडं. हालंल, पन चालनार न्हाई.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मी साहेबांकडे. एक ठोकळा भरतीच्या बाजूला, दुसरा ओहोटीच्या बाजूला. साखळ्या पुरेशा लांब, पण दोन दिशांनी ताणलेल्या. बोया पाच-सात फुटांपलीकडे जाणार नाही. साहेबांनी तेथल्या तेथे शेऱ्यात लिहिले: ‘चौथ्या बोयासाठी द्विबंध पद्धतीचा अवलंब करावा.’ हौसाबाईंचे नाव त्यात नाही. हीही एक चूकच, पण ती माझ्या हातात नव्हती.

आता एकच अडचण. दुसरा ठोकळा हवा होता आणि बोये आठवड्याभरात रवाना व्हायचे होते. काँक्रीटचा ठोकळा ओतून तो पक्का व्हायलाच महिना लागतो. आम्ही शेडमध्ये परतलो. दामूअण्णा माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी सुट्टी होताना ते बंद शेपिंग मशीनपाशी उभे असलेले दिसले. तिच्या बैठकीवर हात ठेवून त्यांनी सोपानला हाक मारली.

“सोपान, हिची बैठक किती भरेल?”

“ठोकळ्यापेक्षा जास्तच, अण्णा. पण ती तुमची पैली मशीन...”

“वरचं खोल आणि बैठकीला कडी मार.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “समुद्राच्या तळाला कुणी म्हणणार नाही, वाटेत आहे म्हणून.”

अशा रीतीने ती बैठक, माझ्या दोन इंची पिवळ्या पट्ट्यासकट, ट्रकमध्ये चढली. सोपानने कडी अशी जोडली की तो स्वतः तिला एक दिवस लोंबकळून पाहत होता. तिच्या जागी शेडमध्ये रेघेत एक खंड राहिला. मी तो पुढे कधी भरला नाही. सोपान मात्र जेवायला त्याच जागी, जमिनीवर बसू लागला.

वर्षभराने, करारातल्या कलमाप्रमाणे, बोये जागेवर आहेत की नाहीत याचा अहवाल द्यायला मी खाडीवर गेलो. तोच माझा तिसरा समुद्र. बंदरावर उतरलो तेव्हा धर्मा तांडेल होडी घेऊन उभेच होते. मी बसलो, होडी निघाली आणि मी बराच काळ मनात घोळवलेले बोलून टाकले.

“तांडेल, त्या दिवशी तुम्ही विचारलेत, बोया जातो कुठे. मी हसलो. तुमचे बरोबर होते आणि माझे गणित चूक होते. तुमची जाळी माझ्यामुळे जाणार होती.”

“ठावं होतं मना,” ते वल्हे मारत म्हणाले. “म्हनून तर बोंबील देलते. मानूस खाऊन तरी इचार करंल.”

मी शाकाहारी असल्याचे सांगण्याचा धीर मला झाला नाही.

ओहोटी लागली होती. पहिला, दुसरा, तिसरा बोया आपापल्या साखळीवर लांब कलंडून ऐसपैस फिरत होते. चौथा मात्र वर्गात उभे केलेल्या मुलासारखा एका जागी सरळ उभा होता. जवळ गेलो तेव्हा दिसले, की त्याच्या कडीला, बरोबर सोपानच्या वेल्डिंगखाली, जाड दोर बांधलेला आहे. दोराच्या दुसऱ्या टोकाला जाळे होते आणि ते ओढीने फुगले होते.

“तांडेल, हे काय?”

“पाचवं जालं,” ते म्हणाले. “आख्ख्या खाडीत एवडा घट्ट खुंट दुसरा नाय, मास्तर. आज्याच्या चारी खुंटांना दर साली बदली करावं लागतं. हा हालतच नाय. बार्जवाले बी खूश, लांबनं जातात, जाल्याला धक्का नाय.”

बोयाला काहीही बांधू नये, हा नियम करारात, नकाशावर आणि खुद्द बोयाच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत होता. ती अक्षरे मीच स्टेन्सिल कापून रंगवून घेतली होती. जाळ्याचा दोर ‘नये’ या शब्दावरून गेला होता. मी त्या शब्दाकडे पाहिले आणि मग खाली हिरव्या पाण्याकडे. तेथे कोठेतरी चार-पाच पुरुष खोलीवर दामूअण्णांची मशीन आणि तिच्यावर माझी पिवळी रेघ पडून होती.

“रोज काढता?” मी विचारले.

“ओहोटीला. दिवसातनं दोन बारी. तवा शेवाळ बी खरडतो, कडी बी बघतो. आपलाच खुंट, राखायला नको?”

अहवाल मी परतताना एस.टी.त लिहिला. साहेबांनी तो न बदलता स्वीकारला आणि तो बंदरखात्याच्या दप्तरात असेल. त्यातले एकही वाक्य खोटे नाही. चौथ्या बोयापुढे असे लिहिले आहे: ‘बोया जागेवर असून सुस्थितीत आहे. स्थानिकांकडून त्याची देखभाल दिवसातून दोनदा, नियमितपणे, होते.’